मिरवणूक, तलाव आणि झाडू

मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बंदोबस्तासाठी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले. रोगी हुडकायचे, सामानसुमान बाहेर काढायचे, अंथरुणे-पांघरुणे जाळायची, घर औषधाने धुऊन काढायचे, असा तो कार्यक्रम होता. हेतू आरोग्याचा होता. पण देवघर आणि माजघर यांची तमा न बाळगता झालेल्या त्या मोहिमेची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर तिचा प्रमुख रँड याच्यावर झालेल्या गोळीबारात झाली. त्यानंतर वीसेक वर्षांनी इंदूरच्या होळकर दरबाराने एका स्कॉटिश प्राध्यापकाला नगररचनेच्या सल्ल्यासाठी बोलावले. त्याच्याही पुढे प्लेग होता, तीच घाण होती आणि सरकारी माणसाबद्दलचा तोच संशय होता. त्याने दिवाळीची मिरवणूक काढली. शहर सुधारायचे तर लोकांची श्रद्धा बाजूला सारायची की बरोबर घ्यायची, हा प्रश्न या दोन प्रसंगांच्या मध्ये उभा आहे, आणि त्या प्राध्यापकाचा, म्हणजे आधुनिक नगररचनेचे एक आद्य पुरुष पॅट्रिक गेडिस यांचा वारसा त्याच अंगाने तपासायला हवा. श्रद्धेवाचून केलेली सुधारणा लोकांच्या अंगी लागत नाही, हे गेडिस यांना इतरांच्या फार आधी कळले. पण समतेवाचून असलेली श्रद्धा शहराला धर्म देऊ शकत नाही, हे त्यांच्या नकाशांत कुठे उमटले नाही. या उणिवेचे उत्तर त्याच काळात, त्याच मुंबई इलाख्यात, दुसरी माणसे शोधत होती. हा वारसा त्या दुरुस्तीसह स्वीकारला तरच आज आपल्या कामाचा आहे.

गेडिस मूळचे नगररचनाकार नव्हते, जीवशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या शहरविचाराची मुळे तिथेच आहेत. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये एका धर्मनिष्ठ घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते लंडनला टॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली शिकले. पुढे डंडी इथे १८८८ पासून तीन दशके ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गुरू-शिष्यांत एका मूलभूत मुद्द्यावर अंतर पडले. हक्स्ली यांनी १८९३ च्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानात मांडले की निसर्गाचा व्यवहार जीवघेण्या झुंजीचा आहे आणि नीती म्हणजे माणसाने त्या व्यवहाराविरुद्ध उभारलेला बांध. गेडिस यांनी जे. आर्थर टॉमसन यांच्यासह १८८९ साली लिहिलेल्या ग्रंथात याच्या उलट भूमिका आधीच घेतली होती: जोडीदाराची ओढ, आईची माया, एकमेकांना धरून राहणे हीही उत्क्रांतीचीच बळे आहेत. हा वाद वरवर प्राणिशास्त्राचा दिसतो, पण तो थेट शहरापर्यंत पोचतो. नीती निसर्गाबाहेरून लादावी लागते असे मानले, तर सुधारकाला वस्तीत शिस्त घेऊन बाहेरून शिरावे लागते आणि वस्ती म्हणजे मोडून काढायचे रान ठरते. उलट चांगुलपणाचे बीज जगण्यातच आहे असे मानले, तर गलिच्छातल्या गलिच्छ गल्लीतही काहीतरी जपण्याजोगे असणार आणि ते आधी शोधणे हे सुधारकाचे पहिले कर्तव्य ठरते. गेडिस यांनी चर्चची चौकट सोडली; पण सृष्टीत करुणा आहे ही धारणा सोडली नाही. त्यांची नगररचना ही त्या धारणेची विटामातीतली कसोटी होती.

ही कसोटी त्यांनी प्रथम एडिंबराच्या जुन्या भागात घेतली. १८८६ साली लग्न झाल्यावर गेडिस दांपत्य त्या भागातल्या जेम्स कोर्ट या मोडकळीला आलेल्या वाड्यात राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खोल्यांना रंग दिला, पडके तेवढे पाडले, मोकळ्या झालेल्या तुकड्यांत बागा केल्या. यातून पुढे त्यांची कार्यपद्धती घडली. आधी पाहणी, मग निदान, मग उपचार. आणि उपचार म्हणजे जपून केलेली शस्त्रक्रिया. सगळी वस्ती भुईसपाट करून सरळ रस्ता आखण्याऐवजी दोन-चार घरे काढायची, चौक मोकळा करायचा, झाड वाचवायचे, हवा-उजेड आत येऊ द्यायचा. भारतात येताना त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन निघालेले जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने १९१४ मध्ये बुडवले. नवे साहित्य जमवून त्यांनी १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन मांडले आणि पुढच्या काही वर्षांत तंजावर, बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका, इंदूर अशा अनेक शहरांचे अहवाल लिहिले. पालिकेच्या अभियंत्यांनी आखलेल्या रुंद, सरळ रस्त्यांच्या योजना ते गल्लोगल्ली पायी फिरून तपासत आणि तोच हेतू कमी पाडापाडीत, कमी खर्चात कसा साधेल ते दाखवत. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्याची टूम तेव्हा जोरात होती. गेडिस म्हणत की तलाव हवा थंड ठेवतो, पावसाचे पाणी सामावून घेतो. डासांवर उपाय हवा तर पाण्यात मासे सोडा. तलाव बुजवलेल्या शहरांत आज दर पावसाळ्यात पाणी तुंबते, तेव्हा त्यांच्या म्हणण्याचा पुरावा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून मिळतो.

दक्षिणेतल्या मंदिरांच्या शहरांनी गेडिस यांना आणखी एक गोष्ट शिकवली. मदुराई किंवा श्रीरंगम इथे देवळाभोवती एकाबाहेर एक अशा चौकोनी रस्त्यांची रचना आहे आणि त्या रस्त्यांवरून वर्षातून ठरावीक दिवशी देवाचा रथ ओढला जातो. रथ अडेल म्हणून त्या रस्त्यावर ओटा पुढे आणायची कोणाची छाती होत नाही. कलेक्टरची नोटीस जे करू शकत नाही ते रथोत्सव शतकानुशतके करत आला होता. यातून निघणारा निष्कर्ष असा: ज्याला आपण कर्मकांड म्हणून बाजूला ठेवतो, तो पुष्कळदा शहराची देखभाल करणारा अलिखित कायदा असतो. शहर बांधणे एका पिढीचे काम असते, ते राखणे प्रत्येक पिढीचे. राखण्यासाठी केवळ दंडाची भीती पुरत नाही, कारण दंड करणारा सगळीकडे हजर नसतो. जागेविषयी आदर असेल तर माणूस कोणी पाहत नसतानाही ती जपतो. धर्म या शब्दाचा संप्रदायापलीकडचा अर्थ आपल्याकडे धारण करणारे असा केला जातो. त्या अर्थाने जागेविषयीचा आदर ही शहराची धर्मभावना आहे आणि तिच्यावाचून उत्तमातला उत्तम आराखडाही कागदच राहतो. गेडिस यांनी नगररचनेच्या शास्त्राला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय.

इंदूरची मिरवणूक हा याच विचाराचा प्रयोग होता. तिची हकीकत मुख्यतः गेडिस यांनीच नंतर आपल्या चरित्रकार अमेलिया डेफ्रिस यांना सांगितली, त्यामुळे तिच्यात कथेकऱ्याचे रंग असणार हे धरून चालावे. एका दिवसापुरता राजेपणाचा अधिकार मागून घेऊन त्यांनी जाहीर केले की या दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त असतील त्या रस्त्याने जाईल. शहरात सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, पिके होती, आणि रोगराईचा अक्राळविक्राळ राक्षस, प्लेगचा उंदीर, हिवतापाचा डासही होता. त्यामागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, फुलांच्या माळा घातलेले सफाई कामगार आणि त्यांच्या सजवलेल्या गाड्या होत्या. शिवाय इंदूर नगरीच देवता होऊन आली होती. राक्षस जाळला गेला, घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली. रँडच्या सोजिरांनी दार लाथेने उघडले होते. इथे घरमालकाने आपणहून झाडून-सारवून दार उघडले.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावंतांचाच येतो आणि तो वजनदार आहे. देवाला नगरपालिकेचा मुकादम करायचे का? आरोग्यखात्याला हवा तो परिणाम साधण्यासाठी लक्ष्मीला पुढे करणे ही भक्ती नव्हे, युक्ती झाली. आणि युक्तीसाठी देव वापरायची सवय लागली की उद्या तीच मिरवणूक द्वेषासाठीही काढता येते. गेडिस यांच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोम्तच्या मानवधर्माचा त्यांच्यावर ठसा होता, आणि नगरदेवतेची स्थापना करताना जुन्या दैवतांच्या जागी नागरिकपणाचे दैवत बसवावे ही इच्छा लपत नाही. तरी आक्षेप शेवटपर्यंत टिकत नाही. आपल्या परंपरेत देव आणि लोकोपयोगी काम यांच्यात भिंत नव्हतीच. ज्या होळकरांच्या राज्यात हा प्रयोग झाला, त्या घराण्यातल्या अहिल्याबाईंनी काशीपासून अनेक तीर्थक्षेत्री मंदिरांबरोबरच घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांना यातले काय पुण्याचे आणि काय सोयीचे हा भेद करावा लागला नाही. श्रद्धेचा वापर आणि श्रद्धेचा विस्तार यांत फरक आहे. माणसाला न कळता त्याच्याकडून काही करवून घेणे हा वापर. त्याच्या भक्तीच्या कक्षेत अंगणाबाहेरचा रस्ता आणि शेजाऱ्याचे आरोग्य आणणे हा विस्तार. इंदूरमध्ये मिरवणुकीची अट उघड होती, ती पाळणे ज्याच्या त्याच्या हाती होते. त्या मर्यादेत गेडिस यांची युक्ती विस्ताराच्या बाजूला पडते.

दुसरा आक्षेप याहून खोल जातो, आणि तो पूर्णपणे परतवता येत नाही. त्या मिरवणुकीत सफाई कामगारांच्या गळ्यात माळा पडल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैल्याची पाटी कोणाच्या डोक्यावर होती? त्यांच्याच. गेडिस यांनी झाडूला मान दिला, झाडू धरणारा हात बदलला नाही. ज्या वस्त्या जपायच्या म्हणून ते तळमळत होते त्यांची रचनाच जातवार होती: कोणाचा वाडा देवळाजवळ, कोणाचा ओढ्याच्या खालच्या अंगाला, हे जन्मावर ठरलेले. तलावाचेच पाहा. १९१९ ते १९२४ या काळात गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. ते आले तेव्हा याच शहरात सिडनहॅम कॉलेजात डॉ. आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी हजारोंच्या समुदायासह ओंजळभर पाणी प्यायल्यावर दंगल झाली, आणि मग सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळे शुद्ध करून घेतले. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. महाडचे तळे बुजवलेले नव्हते, जपलेले होते. त्यावर गावाची श्रद्धाही होती. गेडिस यांच्या कसोटीवर ते उतरले असते, आणि तरीही ते अन्यायाचे ठिकाण होते. आरोग्याची स्वच्छता आणि सोवळ्याची शुद्धता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, इतकेच नव्हे तर पाण्यात शेण कालवण्याइतक्या त्या एकमेकींच्या विरोधातही जाऊ शकतात, हे महाडने सिद्ध केले. जागेचे पावित्र्य कोणाला दूर ठेवून टिकवले जाते, हा प्रश्न गेडिस यांच्या पाहणीच्या तक्त्यात नव्हता.

मग गेडिस यांची सगळी मांडणी फेकून द्यावी का? काही विचारवंतांचा कल तसा आहे. त्यांच्या मते गल्ली, चौक, वाडा यांचे प्रेम हे वरच्या जातींचे स्मरणरंजन आहे. दलितांना मुक्ती मिळाली ती अनोळखी, सरळ रस्त्यांच्या, गिरणी-कारखान्यांच्या शहरात, जिथे जात विचारायला कोणाला सवड नसते. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर घटना समितीत जो कडक हल्ला केला तो या बाजूचा भक्कम आधार आहे. यातले सत्य मान्य करावेच लागते. पण पाडापाडीने जात जाते हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढले. हुसकलेल्या गरिबांना नवी घरे पुरली नाहीत आणि ते शेजारच्या आधीच तुडुंब वस्त्यांत शिरले. रस्ते सरळ झाले, पण भार ज्यांच्यावर होता त्यांच्यावरच राहिला. सपाट केलेल्या जमिनीवर जात पुन्हा उगवते, कारण ती विटांत नसते, व्यवहारात असते. आणखी एक गोष्ट या वादात निसटते. पाडापाडीचा तडाखा प्रथम बसतो तो ज्यांच्या हाती कागदपत्र नाही त्यांना. आधी पाहणी, मग उपचार हे गेडिस यांचे सूत्र निदान इतके तरी मागते की कोण कुठे राहतो, कशावर जगतो, याची नोंद व्हावी. त्या नोंदीत जात, मालकी आणि पाणी यांचे रकाने घालणे शक्य आहे. बुलडोझरमध्ये ते घालता येत नाहीत.

श्रद्धा आणि समता यांची सांगड घालता येते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गाडगे महाराज गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनाची चौकट जुनीच, भाषा वऱ्हाडी, श्रोते भाविक. पण देव दगडात शोधू नका, भुकेल्यात, उघड्यात शोधा, हा त्यांचा आशय होता. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. गेडिस यांची मिरवणूक आणि गाडगेबाबांचा खराटा यांत वरवर साम्य आहे: दोघांनी लोकांच्या भक्तीला सफाईकडे वळवले. फरक हाताचा आहे. गेडिस यांनी झाडणाऱ्याला हार घातला. बाबा स्वतः झाडत आणि गावच्या पाटलाला झाडायला लावत. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी हाच धागा आणखी पुढे नेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, ज्याला तेव्हा भंगीकाम म्हणत ते आपल्याला करू द्यावे यासाठी त्यांनी अन्नत्याग केला, आणि पुढे मैला हाताने उचलावाच लागू नये असा गोपुरी संडास प्रचारात आणला. या दुसऱ्या कामात तर श्रद्धा, समता आणि तंत्र तिन्ही एकत्र आली. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात आप्पासाहेबांचे नाव सापडणार नाही. पण शहराचे काम अपमानावाचून कसे चालेल, या प्रश्नावर त्यांचे उत्तर गेडिस यांच्याहून पुरे आहे.

हा सगळा हिशेब आज मांडण्याचे कारण प्रत्यक्ष आहे. काशीला अहिल्याबाईंनी उभारलेल्या विश्वनाथ मंदिराभोवतीच्या तीनशेच्या आसपास मालमत्ता घेऊन, दाट गल्ल्या मोकळ्या करून केलेला कॉरिडॉर डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला. घाटावरून थेट मंदिरात जाण्याची सोय झाली, गर्दीतली चेंगराचेंगरी टळली, हे लाभ खरेच आहेत. पंढरपुरातही विठ्ठल मंदिराच्या परिसरासाठी अशाच कॉरिडॉरचा प्रस्ताव आहे आणि तिथले रहिवासी, व्यापारी त्याला विरोध करत आहेत. या वादात दोन्ही बाजू श्रद्धेचेच नाव घेतात: एकीकडे भाविकांची सोय, दुसरीकडे क्षेत्राची परंपरा. गेडिस यांच्याकडून घ्यायचे ते हे की क्षेत्राचे पावित्र्य फक्त गाभाऱ्यात नसते. वारकरी ज्यांच्या ओसरीवर उतरतो त्या मठांत, बुक्का-तुळशीमाळांच्या दुकानांत, चंद्रभागेकडे उतरणाऱ्या बोळांतही ते असते, म्हणून पाडण्याआधी पायी फिरून पाहा आणि कमीत कमी पाडा. पण तेवढ्यावर थांबलो तर जुन्या घरमालकांचा हक्क तेवढा जपला जाईल. आंबेडकर, गाडगेबाबा, आप्पासाहेब यांच्याकडून पुढचे प्रश्न घ्यावे लागतात: वारीनंतर वाळवंट कोण साफ करतो, कोणत्या मजुरीवर, कोणत्या साधनांनी, आणि त्याचे घर या नकाशात आहे की नाही? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही गटारात उतरलेली माणसे मरतात. तिथे मंदिर परिसर कितीही चकचकीत झाला तरी त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

शहर सुधारताना श्रद्धा बरोबर घ्यायची का, म्हणजेच शहराला धर्म लागतो का, या मूळ प्रश्नाचे उत्तर मग असे येते. लागतो, कारण आदरावाचून कोणतीही जागा फार काळ राखली जात नाही आणि आदर हुकमाने उत्पन्न होत नाही. गेडिस यांचे मोठेपण हे ओळखण्यात आहे. पण आदर खरा की सजावटीचा, हे जागा किती सुंदर दिसते यावर ठरत नाही. ती जागा राखणाऱ्या माणसाला तिथले पाणी, तिथला निवारा आणि तिथे मान वर करून उभे राहण्याचा हक्क मिळतो का, यावर ठरते. ही अट पुरी न करणारी योजना नकाशावर कितीही हिरवी, जुन्याला कितीही जपणारी, लोकांच्या भक्तीला कितीही मान देणारी असली, तरी तिला नगररचनेचा धर्म म्हणता येत नाही. पुढच्या प्रत्येक विकास आराखड्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.